निळीचं बूच

१

त्याला सगळे फवारे म्हणायचे. ते त्याचं आडनाव नव्हतं. पण पाठीवर पंप अडकवून उभं आयुष्य लोकांच्या बागांतलं गवत मारत हिंडलं, की माणसाचं खरं आडनाव गळून पडतं आणि धंदाच कपाळाला चिकटतो. विजेच्या बिलावर खरं नाव यायचं, तर बिल वाटणारा त्यालाच विचारायचा, "फवारेकाका, हे कोण गृहस्थ राहतात हो तुमच्याकडे?" फवारे गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "भाडेकरू आहे. बेरकी माणूस. त्याला उधार देऊ नका."

गवत मारायचं म्हणजे औषध मारायचं. डब्यावर कवटीचं चित्र असलं तरी त्याला औषधच म्हणायचं, अशी रीत आहे. वसाहतीतल्या लोकांना हिरवळ हवी असायची आणि गवत नको असायचं. लेकरू हवं पण ते रडायला नको, त्यातली गत. शेजारचे वकीलसाहेब तर निवृत्त झाल्यापासून हिरवळीवर उकिडवे बसून प्रत्येक परक्या काडीची उलटतपासणी घ्यायचे, आणि काडी दोषी ठरली की फवारेला हाक मारायचे. काडी नेहमी दोषीच ठरायची.

सकाळचा क्रम ठरलेला. मागच्या अंगणात नळ, नळाखाली धुण्याचा सिमेंटचा कट्टा, कट्ट्यावर भिंतीत कोनाडा आणि कोनाड्यात निळीची बाटली. पंप कट्ट्यावर ठेवायचा, पाणी भरायचं. मग निळीच्या बाटलीचं बूच काढायचं आणि त्या बुचानं मापून औषध ओतायचं. डब्याबरोबर आलेलं माप केव्हाच हरवलं होतं, आणि निळीचं बूच नेमकं तेवढंच होतं. मग त्याच बुचानं जराशी नीळ. नीळ कशाला, तर औषध दिसतं पाण्यासारखं, कुठं मारलं आणि कुठं राहिलं ते कळत नाही. नीळ घातली की गवतावर निळसर ठिपके दिसतात, एकच पट्टा दोनदा मारला जात नाही. ही युक्ती फवारेची स्वतःची. तिचा त्याला असा गर्व, की आगगाडी जणू त्यानंच शोधून काढली. बाटली संपली की नवी यायची, पण माप बदलायला नको म्हणून जुनं बूच तो नव्या बाटलीला चढवायचा. काम झालं की बूच झटकायचं, बाटलीला लावायचं, बाटली कोनाड्यात.

त्या सकाळी त्यानं बूच काढायला हात घातला, आणि बूच ओलं लागलं.

दव म्हणावं, तर कोनाड्यात दव पडत नाही. नळाचं पाणी उडालं म्हणावं, तर बाटली कोरडी ठणठणीत. ओलं होतं ते बूच तेवढं, आणि तेही आतून नाही. बाहेरून, कडेकडेनं.

फवारेनं ते पायजम्याला पुसलं, माप घेतलं आणि कामाला लागला. कामाची वेळ झाली की शंकेला रजा, हा त्याचा नियम.

२

ती बाटली खरी त्याच्या बायकोची. वसाहत तिला निळीवहिनी म्हणायची, कारण तिच्या हातचे पांढरे कपडे दोरीवर लागले की बघणाऱ्यांचे डोळे दिपत. वकिलीणबाईंनी एकदा मुद्दाम कुंपणाशी येऊन साबण कुठला म्हणून विचारलं होतं. वहिनी म्हणाली, "साबण कुठलाही चालतो, मनगट घरून आणावं लागतं."

धुताना तिचे दोन्ही हात साबणाचे. म्हणून ती बूच दातांनी काढायची आणि नीळ पाण्यात पडून, ढवळून होईपर्यंत तसंच दातांत धरून ठेवायची. फवारेला हीच वेळ साधायची असायची. तोंडात बूच म्हणजे बायकोला बोलता येत नाही! तेवढ्यात तो सगळे आरोप करून घ्यायचा. काल भाजीत मीठ नव्हतं. तुझी बहीण कंजूष आहे. तू झोपेत घोरतेस आणि सकाळी मला घोरतोस म्हणतेस. ती डोळे वटारून नुसतं "हुं, हुं" करायची. बूच काढून उत्तर देईपर्यंत हा पंप पाठीवर टाकून फाटकाबाहेर.

चिमटे लपवायचा तो. ती दोरीशी ओले कपडे खांद्यावर घेऊन शोधत राहायची, एक शब्द बोलायची नाही. पण दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बागेत घाम पुसायला त्यानं खिशात हात घातला, की रुमालाऐवजी चिमटे निघायचे. असा त्यांचा संसार. भांडणंही होती, पण ती सगळी अशीच, मुकी आणि हसरी.

मग तिचे ओठ फुटले. थंडीचे दिवस होते, सगळ्यांचेच फुटतात. मग तोंड आतून सोलल्यासारखं झालं. मग मानेला गाठी आल्या. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, घरात काय काम चालतं? फवारे म्हणाला, माळीकाम. "वा, मोकळ्या हवेतलं," डॉक्टर म्हणाले. कशानं झालं असं विचारलं, तर म्हणाले की ह्या आजाराचं असं एक कारण सांगता येत नाही. ते काही खोटं बोलत नव्हते.

लेकीला तेव्हा दिवस गेले होते. वहिनीनं अंथरुणात बसून झबली शिवली, दुपटी शिवली, उभं राहवत नव्हतं तरी कट्ट्याला टेकून ती धुतली, नीळ दिली, घड्या घालून ठेवल्या. "एकदा मांडीवर घेते," म्हणायची. "मग काय व्हायचं ते होऊ दे." ती आणि ते लेकरू, दोघांची शर्यत लागली. वहिनी थोडक्यात हरली.

बूच ओलं लागलं त्याच दिवशी वकीलसाहेबांच्या हिरवळीवर फवारेनं रुमालासाठी खिशात हात घातला, आणि हाताला चिमटा लागला.

लाकडी, तिच्या जुन्या चिमट्यांतला. सदरा तोच रोजचा, खिसाही रोजचाच, काल त्यात फक्त रुमाल होता. फवारेनं मनाशी सगळं रीतसर मांडलं. अस्तराच्या भोकात अडकून राहिला असणार, आज निसटला. पटण्यासारखं होतं. त्यानं पटवून घेतलं. पण संध्याकाळी घरी जाताना तो शीळ वाजवत गेला, आणि ती गेल्यापासून त्यानं शीळ वाजवली नव्हती.

३

मागच्या अंगणात फवारेचा पंप कधी चालला नव्हता. तिथं हुकूम वहिनीचा. माझ्या दोरीखाली तुमचं औषध आणायचं नाही, असं तिनं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. म्हणजे पंप भरायचा तिच्या कट्ट्यावर आणि मारायचा लोकांच्या दारात. नवराबायकोच्या तहात अशी कलमं असतातच.

त्यामुळं दोरीखालचं गवत मऊ, दाट, हवं तसं वाढलेलं. त्यात मुंग्या, नाकतोडे, पिवळ्या फुलांवर एखाददुसरी मधमाशी. वसाहतीतल्या उरलेल्या चिमण्या त्या एवढ्याशा तुकड्यावर उतरायच्या. बाकी हिरवळी सतरंजीसारख्या. त्यांवर पाहुणा बसेल, पण किडा बसायचा नाही.

त्या गवतात कट्ट्याजवळ एक पिवळा डाग पडला. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं आणखी एक.

पंप गळत असेल, फवारेला वाटलं. त्यानं पंप तपासला. नळी, दट्ट्या, नोजल, सगळं ठीक. मग बुटाला औषध लागून आलं असेल. पण बुटाचा तळ रुंद असतो. हे डाग लहान होते. पुढं पाच ठिपके, मध्ये कमान, मागं टाच. एकाआड एका डागाला करंगळी जरा बाहेर फेकलेली.

वहिनीच्या डाव्या पायावर एकदा भरलेली बादली पडली होती. करंगळी तेव्हापासून तशीच.

फवारे तिथंच उकिडवा बसला. वाकून त्यानं वास घेतला. ओळखीचा होता, रोज स्वतःच्या हाताला यायचा तोच. काडी मुळापासून पिवळी होती. पात्यांवर, अगदी निरखून पाहिलं तर, निळसर ठिपके.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या टोप्या उडवलेल्या माणसाला पहिला संशय येतो तो कुणीतरी आपलीच टोपी उडवतंय ह्याचा. त्यानं सरळ कुंपणाशी जाऊन वकीलसाहेबांचं अभिनंदन केलं, मस्करी झकास जमलीय म्हणून. वकीलसाहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं, की फवारेचीच खात्री पटली. मस्करी करायला माणसाला आधी हसता यावं लागतं.

चिमण्या त्या दिवशीही उतरल्या. दाणे टिपत फिरल्या. पण त्या पावलांशी आल्या की उडी मारून पलीकडं जायच्या, जणू तिथं कुणी उभं आहे.

फवारे घाबरला नाही. हीच तर गंमत. रोज सकाळी उठून तो आधी मागच्या दाराशी जायचा आणि पावलं किती पुढं आली ते बघायचा. कट्ट्यापासून दोरीपर्यंत, दोरीपासून परत. तिची नेहमीची वाट.

४

मग लेक आली, कडेवर ठमीला घेऊन. ठमीचं खरं नाव चांगलं लांबलचक आणि नव्या पद्धतीचं होतं, पण आजोबानं बघताक्षणी तिला ठमी करून टाकलं. जावई बोटीवर, लेक शिवणकारखान्यात, आणि ठमीला सांभाळणारी बाई अचानक काम सोडून गेली. दुसरी मिळेपर्यंत बाबांकडं, असं ठरलं. सकाळी लवकर एकदोन बागा मारून फवारे परत यायचा, मग लेक कामाला जायची. दिवसभर आजोबा आणि नात. आजोबा नातीला वसाहतीतल्या सगळ्यांच्या नकला करून दाखवायचा. वकीलसाहेबांच्या नकलेला ती हमखास दूध ओकायची. पारख आहे पोरीला, तो म्हणायचा.

दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी लेक घरी आली ती मागच्या दारातच थबकली. दोरीवर ठमीची दुपटी, झबली, लंगोट, सगळं धुऊन वाळलेलं. एका रांगेत, एका मापानं, प्रत्येकाला दोन चिमटे. आणि असं पांढरं, की सावलीतही उजेड पडावा.

"बाबा, तुम्ही धुतलंत? नीळसुद्धा दिलीत, आईसारखी." लेकीनं एक दुपटं ओढून गालाला लावलं.

फवारेनं सकाळी घाणेरडे कपडे टबात टाकून कट्ट्यावर ठेवले होते, एवढंच त्याला आठवत होतं. तो म्हणाला, "मग काय. मनगट घरून आणावं लागतं."

रात्री अंथरुणावर त्यानं पुन्हा सगळं मांडून बघितलं. म्हातारा झालो. धुतले असतील आणि विसरलो असेन. बोटं बघितली, तर निळी होती. पण ती कधी निळी नसायची?

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं परीक्षाच घेतली. दुपारी ठमी झोपल्यावर कपड्यांचा टब कट्ट्यावर ठेवला, निळीची बाटली कोनाड्यात पुढं सरकवली, आत येऊन मागचं दार लावलं आणि पाळण्याशी खुर्ची ओढून बसला. हात मांडीवर, दोन्ही दिसतील असे.

बाहेर नळ सुटला. मग घासण्याचा आवाज. मग आपटण्याचा, तिच्या ठेक्यात, दोन जोरात आणि एक हळू. मग पिळल्याचं पाणी. मग सगळं शांत झालं.

त्या शांततेची लांबी त्याला पाठ होती. दातांत बूच धरून बाई पाणी ढवळते तेवढी.

फवारेनं डोळे पुसले. पण जित्याची खोड. तो दाराकडं तोंड करून हळूच म्हणाला, "तुझी बहीण भेटली होती. अजून कंजूषच आहे."

दारापलीकडून आवाज आला. "हुं. हुं."

त्या दिवसापासून तो रोज दुपारी टब ठेवायचा. चिमटे पुसून ठेवायचा. एकदा तर त्यानं दोन चिमटे लपवलेसुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी ते खिशात सापडले तेव्हा बागेत उभ्या उभ्या रडला. वकीलसाहेबांनी कारण विचारलं. डोळ्यांत औषध उडालं, असं त्यानं सांगितलं.

५

ठमीला दात यायला अवकाश होता, पण सगळं तोंडात घालायची घाई होती. दुपट्याचा कोपरा तर तिच्या तोंडात कायमचा. चोखून चोखून ती तो ओला चिंब करायची आणि मगच झोपायची.

एका सकाळी लेक म्हणाली, हिचे ओठ बघा हो. ओठांच्या कडा लाल झाल्या होत्या. दोन दिवसांनी फुटल्या. मग ठमी दूध तोंडात घेईना. भुकेनं रडायची, दूध लागलं की आणखी रडायची, आणि रडून दमली की दुपट्याचा कोपरा शोधायची.

बालडॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं. आतूनही सोललं होतं. त्यांनी विचारलं की ही काय चोखते, कपडे कशात धुता? कपड्यांत काहीतरी राहतंय, म्हणाल्या. वेगळे धुवा, नुसत्या पाण्यातून खूप वेळा काढा, आणि आठवड्यानं पुन्हा आणा. मान चाचपून बघितली त्यांनी ठमीची. सहज, सगळ्यांचीच बघतात तशी. पण फवारेला तिथं बसवेना. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

घरी येऊन लेकीनं साबणाची वडी उचलून कचऱ्यात फेकली. साबण मीच आणला होता, म्हणून रडली. फवारे मागच्या अंगणात गेला आणि कोनाड्यातली बाटली घेऊन कट्ट्यावर बसला.

बूच काढून त्यानं चष्म्यासमोर धरलं. इतकी वर्षं हाताळलेली वस्तू, पण बघितली कधीच नव्हती. कडेला दातांचे ठसे होते. वर दोन, खाली बारीक तीन. एकाच जागी वर्षानुवर्षं धरून पडलेली खाच, उंबऱ्याला पडते तशी.

सकाळी तो ह्या बुचात औषध मापायचा. झटकायचा. झटकलं म्हणजे स्वच्छ झालं असं त्यानं धरलं होतं, कुणी कधी विचारलं नव्हतं. मग तो गावाचं गवत मारायला निघायच्या बेतात असायचा, तेवढ्यात ती यायची धुणं घेऊन. दोन्ही हात साबणाचे. बूच दातांनी काढायची. आणि त्याला घाई असली तरी तो मुद्दाम थांबायचा, तिला चिडवायला. जितका जास्त चिडवायचा, तितका जास्त वेळ ते तिच्या तोंडात.

डॉक्टर म्हणाले होते, एक कारण सांगता येत नाही. फवारेनं ते वाक्य छातीशी घट्ट धरलं. मोठे डॉक्टर होते, शिकलेले होते. सांगता येत नाही म्हणजे नाही.

बुचाची कड त्याच्या अंगठ्याला लागली. ती ओली होती, आणि कोमट.

६

त्यानं औषध मारणं त्याच दिवशी सोडलं. पण उरलेल्या डब्याचं काय करायचं? मोरीत ओतावं, तर मोरी जाते ओढ्याला. खड्ड्यात ओतावं, तर गांडुळांनी काय घोडं मारलंय? दुकानदार म्हणाला, गटारात ओता हो काका, सगळे तेच करतात. फवारे डबा घेऊन सगळी वसाहत फिरला आणि तसाच परत आला. ज्या जमिनीवर तो उभा जन्म ते फवारत आला, तिच्यावर आता ते ओतायला त्याला वीतभर जागा सापडेना. डबा त्यानं पोत्यात गुंडाळून अडगळीच्या खोलीत फळीवर ठेवला. निळीची बाटली घट्ट बूच लावून त्याच्याशेजारी. खोलीला कुलूप.

ठमीचे कपडे तो पुढच्या दाराशी, नव्या टबात, नव्या हातमोज्यांनी स्वतः धुऊ लागला. आणि रोज दुपारी ते मागच्या दोरीवर सापडायचे. पांढरेशुभ्र, प्रत्येकाला दोन चिमटे. कुलूप तसंच, आणि बाटली कोनाड्यात.

तिला कसं कळणार? तिच्या लेखी ती नातीचे कपडे धूत होती.

मग एका दुपारी वकीलसाहेबांनी फाटकाशी गाठलं. हिरवळीत परकी काडी दिसलीय, कधी येतोस? फवारे म्हणाला की तो धंदा सोडला. साहेबांनी उलटतपासणी सुरू केली. का, कधीपासून, कुणाच्या सांगण्यावरून. फवारे काहीतरी टोलवत होता, तेवढ्यात आतून ठमी हसल्याचा आवाज आला.

गेले कित्येक दिवस ती हसली नव्हती. ती अशी खदखदून फक्त नकलांना हसायची. समोर कुणीतरी तोंड वेडंवाकडं केल्याशिवाय नाही.

तो आत धावला. खोलीत कुणी नव्हतं. ठमी पाळण्यात उताणी, वर बघून हातपाय उडवत होती. खिडकीतल्या मोगऱ्याची पाळण्याकडची बाजू करपली होती, रस्त्याकडची हिरवी होती. आणि पाळण्याच्या दांडीवर, लाकूड पांढरं म्हणून स्पष्ट दिसत होते, चार बोटांचे निळे ओले ठसे. उचलण्याआधी बाई दांडी धरून वाकते तसे.

एकदा मांडीवर घेते. मग काय व्हायचं ते होऊ दे.

फवारेनं ठमीला छातीशी धरलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. बायको दारात आली होती, आणि तिला आत घ्यायचं नव्हतं. कुलूप तिला अडवत नव्हतं. अडवील ती एकच गोष्ट होती, त्या बुचाची. ती तिला माहीत नव्हती, आणि ते न कळताच बायको गेली हाच त्याला एवढे दिवस आधार होता.

७

दुसऱ्या दिवशी लेक घरीच होती. ठमीला तिच्याजवळ देऊन त्यानं पुढची खोली बंद करायला सांगितली आणि स्वतः मागच्या दारात जाऊन उभा राहिला. ऊन टळटळीत. कुठं पान हलत नव्हतं. सगळी वसाहत जेवून आडवी झालेली.

दोरीवर चादर होती. त्यानं घातलेली नव्हती. मोठी, ओली, पांढरी, खाली गवताला टेकायला आलेली.

चादर आणि गवत ह्यांच्यामध्ये दोन पावलं होती. डाव्याची करंगळी बाहेर. त्यांच्याभोवतीचं गवत फवारे बघत असतानाच हळूहळू रंग सोडत होतं.

वरून एक हात आला. कोपरापर्यंत निळा. त्यानं चिमटा लावला आणि परत गेला.

त्याला वाटलं होतं की आपण पळू. पण पाय पुढंच गेले. दोरीपासून हातभर अंतरावर तो थांबला.

"अगं," तो म्हणाला.

पावलं वळली. त्याच्याकडं तोंड करून उभी राहिली. कुठूनशी एक झुळूक आली आणि ओली चादर पलीकडच्या अंगाला चिकटली. कपाळ दिसलं, नाक दिसलं, आणि ओठांच्या जागी एक लहान गोल उंचवटा. तिच्या तोंडात बूच होतं. म्हणजे तिला बोलता येणार नव्हतं. हीच त्याची बोलायची वेळ, आयुष्यभराची.

"त्या बुचानं मी औषध मापायचो. रोज. तू येण्याआधी." तो एका दमात बोलत गेला. "तुला सांगितलं नाही. लपवलं नाही गं, मला सुचलंच नाही. तुझ्या तोंडात ते मी घातलं. आता ते तुझ्या हाताला आहे. पोरीचं तोंड सोललंय, तुझ्यासारखंच. तिला हात लावू नकोस. मला काय करायचं ते कर, पण तिला घेऊ नकोस."

तो "हुं" ची वाट बघत राहिला. चिडलेला, वटारलेल्या डोळ्यांचा, कसलाही.

मग सिमेंटवर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. टक. आणि घरंगळत गेलं.

चादरीवरचा उंचवटा गेला होता. तोंड आता मोकळं होतं. तिला आता बोलता येणार होतं, काहीही, हवं ते. फवारे मान खाली घालून उभा राहिला, ऐकायला.

ती काही बोलली नाही.

झुळूक पडली. चादर सरळ झाली. खाली नुसतं पिवळं गवत होतं, आणि कुंपणाकडं, घरापासून लांब जाणारी पावलं.

८

त्या दिवसानंतर ठमीचे कपडे घाण असायचे तसेच घाण राहिले. फवारे ते पुढच्या दाराशी धुवायचा, वाईट धुवायचा, आणि लेक मागं उभी राहून हसायची. बाबा, मनगट कुठं गेलं? ओठ भरून आले. दूध पोटात जाऊ लागलं. बालडॉक्टरीणबाईंनी पुन्हा मान चाचपली आणि काही नाही म्हणाल्या. सांभाळणारी नवी बाई मिळाली, लेक ठमीला घेऊन आपल्या घरी गेली. जाताना म्हणाली, आई असती तर. फवारे म्हणाला, हो ना.

बूच त्यानं सगळीकडं शोधलं. कट्ट्याखाली, मोरीत, गवतात. मिळालं नाही.

घर रिकामं झाल्यावरची पहिली सकाळ. तो मागचं दार उघडून उभा राहिला तर दोरीवर एकच कपडा होता. त्याचा फवारणीचा सदरा. काम सोडल्यापासून खुंटीला लटकलेला, डागांनी पुठ्ठ्यासारखा कडक झालेला. तो आता दोरीवर होता, धुतलेला, नीळ दिलेला. इतका पांढरा तो दुकानातही नव्हता. दोन खांद्यांना दोन चिमटे.

फवारेला हसू आलं. त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला. चिमटा नव्हता.

बूच होतं.

बराच वेळ ते त्यानं तळहातावर धरलं. मग तो कट्ट्यावर बसला, तिच्या जागी. चिमण्या दोरीखाली उतरल्या होत्या, आणि उडी मारून काहीतरी चुकवत पलीकडं जात होत्या. त्यानं बूच उचललं, तिच्या दातांच्या खाचेत आपले दात बसवले आणि तोंड मिटलं.

कुंपणापलीकडून वकीलसाहेबांनी हाक मारली, हिरवळ हातची चाललीय म्हणून. फवारे वळला नाही. त्याला बोलता येत नव्हतं, आणि तो तिचं ऐकत होता. डोळ्यांतून धार लागलेली, आणि मधूनमधून मान हलवत तो नुसतं म्हणत होता, "हुं. हुं."